घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही व्हिडिओवरून किंवा फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत मुलांचा खोकला, पावसाळ्यातील ताप, नायटा आणि आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हेच विषय पुन्हा पुन्हा आले आहेत. ते स्वाभाविकच आहे, कारण अशा सल्ल्याचा खरा उपयोग नित्याच्या आजारांतच होतो. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आणि २०२० च्या टाळेबंदीपासून रोज दुपारचा एक तास फोनवरच्या रुग्णांसाठी राखून ठेवला आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले. पडद्यावरून डॉक्टरांना दिसते आणि ऐकू येते, पण रुग्णाला हात लावता येत नाही, आणि तो हात घरातल्या माणसालाच व्हावे लागते. घरी थांबावे की उठून दवाखाना गाठावा, हा निर्णय वेळेवर होणे ही अशा सल्ल्यातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट असून औषधाची चिठ्ठी त्यानंतर येते. पुढची उत्तरे याच समजुतीने लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस खोकला आणि ताप होता. पाऊस फार असल्याने आम्ही व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी मुलाचा सदरा वर करायला सांगून मलाच त्याचे श्वास मोजायला लावले. तपासणे हे डॉक्टरांचे काम नाही का? — एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य तेच केले. पाच वर्षांखालील मुलाला खोकला आणि ताप असला, की साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे श्वासाचा वेग, आणि तो मोजायला स्टेथोस्कोप लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे : दोन महिन्यांहून लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर तो वेग जास्त समजावा.

मोजण्याची रीत मात्र नीट सांभाळली पाहिजे. मूल झोपलेले किंवा शांत असताना मोजावे, कारण रडून थांबलेल्या मुलाचा आकडा फसवा असतो. ताप चढलेला असतानाही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजणे चांगले. सदरा वर करून पोटाकडे पाहावे, पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरावा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई करू नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे ‘पोट उडते’ म्हणतात, किंवा मूल पाणी-दूध घेत नसेल, सुस्त पडून असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर व्हिडिओ बंद करून थेट रुग्णालयात जावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर मी फोनवर सल्ला देतच नाही. ते बाळ प्रत्यक्ष तपासलेच पाहिजे.

डॉक्टर नसलेल्या माणसाने मोजलेल्या श्वासालाही वैद्यकात किती वजन आहे, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे साधन तयार केले. बालमृत्यू त्यामुळे कमी झाल्याचे त्यांचे संशोधन १९९० साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हा तुमच्याकडून श्वास मोजून घेताना डॉक्टरांनी आपले काम टाळले असे मनात आणू नका. त्या दिवशी तुमच्या मुलाची खरी तपासणी तुमच्याच हातून झाली.

प्रश्न : सर्दी, घसा आणि अंगदुखीसाठी फोनवर सल्ला घेतला. पूर्ण फी घेऊन डॉक्टरांनी तापाची गोळी, गरम पाणी आणि विश्रांती एवढेच सांगितले. अँटिबायोटिक मागितले तर नाही म्हणाले. फोनवर असल्यामुळे त्यांनी टाळाटाळ केली असेल का? — एक नोकरदार, ठाणे

उत्तर : तुम्ही समोर बसला असता, तरी मी तेच सांगितले असते. सर्दी-पडशाचे आणि साध्या घसादुखीचे बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही. शेंबूड किंवा कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, हाही समज चुकीचा आहे. अकारण घेतलेल्या अशा गोळ्यांनी जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास होतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. हे संकट ओळखूनच केंद्र सरकारने १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ ही काही अँटिबायोटिकसह निवडक औषधांची यादी लागू केली आणि त्यातील औषधे विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवण्याचे बंधन औषध दुकानदारांवर घातले.

फी गोळ्यांच्या संख्येवर ठरत नाही. तुमचा आजार साधा आहे हे ठरवण्यासाठी जे प्रश्न विचारले गेले, त्या विचाराचे ते मोल आहे. मात्र एक अपेक्षा तुम्ही जरूर ठेवावी : पुन्हा केव्हा संपर्क साधायचा, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले पाहिजे. ताप तीन दिवसांपुढे राहिला, उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा गिळताना थुंकीही उतरेना, तर प्रत्यक्ष दाखवावे लागते. हे सांगितले नसेल, तर फोन ठेवण्यापूर्वी तुम्हीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण झाले आहे. औषध दुकानातून घेतलेल्या मलमाने आठ दिवसांत बरे वाटले, पण पुन्हा दुपटीने पसरले. दाखवायला संकोच वाटतो. फोटो पाठवून उपचार होऊ शकतो का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होऊ शकतो, आणि संकोचामुळे महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढणाऱ्या तुमच्यासारख्या तरुणांसाठी तर ही सोय मला फार उपयोगाची वाटते. पण आधी त्या मलमाची गोष्ट समजून घ्या, कारण तुमच्या आजाराचे मूळ आता बुरशीइतकेच त्या मलमातही आहे. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत दबते, म्हणून मलम ‘लागू पडले’ असे वाटते, पण त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत पसरत राहते. मलम थांबवले की ती उफाळून येते. गजकर्णाची गोल, उठावदार कडही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. जांघेतली त्वचा मुळातच नाजूक असल्याने तिथे दीर्घकाळ स्टेरॉइड लावल्यास कायमचे पांढरट चरे पडतात. म्हणून मलमाच्या नळीवरची नावे वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन असे काही लिहिलेले असेल, तर त्या नळीचाही फोटो डॉक्टरांना पाठवा. तुम्ही काय लावले, हे त्यांना कळणे चट्ट्याच्या फोटोइतकेच महत्त्वाचे आहे.

फोटो काढताना खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उभे राहा आणि फ्लॅश बंद ठेवा. पहिला फोटो हातभर अंतरावरून घ्या, म्हणजे चट्टा शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती पसरला आहे हे दिसेल. दुसरा जवळून घ्या आणि चट्ट्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल. आजाराची खूण कडेशी असल्यामुळे कड स्पष्ट आली पाहिजे. त्या दिवशी मलम किंवा पावडर लावून फोटो काढू नका. चेहरा फोटोत येणार नाही हे पाहा आणि फोटो मित्राच्या फोनवरून पाठवू नका.

उपचाराला कित्येक आठवडे लागतात आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवावे लागते. पोटात घ्यायच्या बुरशीनाशक गोळ्या लागल्या, तर इतर चालू औषधे आणि यकृताचे काही जुने दुखणे यांची माहिती डॉक्टरांना दिली पाहिजे. टॉवेल आणि आतले कपडे खोलीतल्या मुलांत वाटून वापरू नका आणि ते कडक उन्हात वाळवा. वसतिगृहात ही गोष्ट कठीण आहे, याची मला कल्पना आहे, पण ती झाली नाही तर आजार खोलीभर फिरत राहतो.

प्रश्न : माझ्या पतींना चार दिवस ताप होता. फोनवरच्या डॉक्टरांनी डेंग्यूची शंका सांगून रक्त तपासायला लावले आणि भरपूर पाणी प्यायला सांगितले. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि पुन्हा फोन केला नाही. त्याच रात्री त्यांना चक्कर आली आणि अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आता ते बरे आहेत, पण आमची चूक कुठे झाली? — एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ते बरे आहेत हे वाचून फार बरे वाटले. चूक तुमची एकटीची नाही. डेंग्यूतला धोका ताप उतरताना सुरू होतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी घरच्यांना बजावून सांगायची असते आणि फोनच्या घाईत तेच सांगायचे राहून जाते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप कमी होतो त्याच सुमारास, काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातील पाणी बाहेर झिरपू लागते. अंग थंड लागते, घरच्यांना वाटते की आजार गेला, आणि आत रक्तदाब खाली जात असतो.

गेल्या पावसाळ्यात एका बाईंचा त्यांच्या पतींविषयी मला दुपारी फोन आला. ताप गेला आहे, फक्त एक विचारायचे होते, असे त्या म्हणाल्या. सकाळपासून पती चार वेळा ओकले होते आणि पोटात दुखते म्हणत होते. मी लघवी केव्हा झाली ते विचारले. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन विचारले आणि परत येऊन सांगितले की पहाटेपासून झालेलीच नाही. मी त्यांना पुढे काही न विचारता रिक्षा बोलवायला सांगितले. व्हिडिओ लावून चेहरा पाहण्यात दहा मिनिटे घालवण्यासारखी ती वेळ नव्हती.

म्हणून डेंग्यूची शंका असलेल्या प्रत्येक घरी ही लक्षणे कागदावर लिहून ठेवावीत : पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, शौचास काळी होणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा. यातले एकही दिसले तरी रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठावे. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रोज एकदा डॉक्टरांना फोन करावा, मग कितीही बरे वाटत असले तरी चालेल. तापासाठी केवळ पॅरासिटामॉल घ्यावे. अंगदुखी असह्य होते म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सगळे जण प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, पण त्याच कागदावरचा हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडा चढत जाणे ही झिरपण्याची खूण असते. रिपोर्टचा फोटो पाठवताना पूर्ण पान पाठवा, एका ओळीचा तुकडा कापून पाठवू नका. पहिल्या चार-पाच दिवसांत ‘एनएस-१’ आणि त्यानंतर ‘आयजीएम’ ही चाचणी उपयोगी पडते, त्यामुळे ताप नक्की कोणत्या दिवशी आला, ती तारीख डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

प्रश्न : छातीत जळजळ आणि डाव्या हाताला कळा येत असताना आधी व्हिडिओवर डॉक्टरांना विचारावे का? आम्लपित्त असेल तर उगाच धावपळ होते. — निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, विचारू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा कोणाला तरी सोबत घेऊन ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात जा, आणि स्वतः गाडी चालवू नका. आम्लपित्त आणि हृदयविकार यांतला फरक व्हिडिओवरून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अचानक धाप लागणे, सर्पदंश, गरोदरपणात रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी होणे, या सर्वांनाही हाच नियम लागू आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही तातडीच्या प्रसंगी दूरसल्ला प्रथमोपचार, धीर देणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे एवढ्यापुरताच असावा, असे नमूद आहे. धावपळ उगाच झाली, तर ती झालेली परवडते.

प्रश्न : आई माण तालुक्यातील गावी एकटी राहते. तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे. मी पुण्याहून तिच्या डॉक्टरांना फोन करून दर महिन्याला गोळ्या लिहून घेत असे. आता डॉक्टर म्हणतात, एकदा तिला घेऊन या, नाहीतर लिहून देणार नाही. हा अडवणुकीचा प्रकार नाही का? — एक मुलगा, पुणे

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, पण डॉक्टर नियमाने वागत आहेत आणि त्या नियमामागे कारण आहे. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या ‘टेलिमेडिसिन’ मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, गेल्या सहा महिन्यांत रुग्णाला प्रत्यक्ष तपासले असेल, तरच फोनवरचा सल्ला ‘पाठपुरावा’ समजला जातो. सहा महिने उलटले की ती पुन्हा पहिली भेट ठरते. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी साधी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. त्वचेची काही मलमे, डोळे आल्यावरचे थेंब अशी औषधे पहिल्याच भेटीत, पण व्हिडिओवर पाहून, देता येतात. चालू असलेल्या उपचारात नवे औषध वाढवायचे असेल, तर आधीची प्रत्यक्ष भेट लागते. यात आईची अडवणूक करण्याचा हेतू नाही. सहा महिने कोणीही हात न लावलेल्या मधुमेही माणसाच्या तळपायाला भेग पडून ती चिघळलेली असू शकते आणि पायाची जाणीव गेल्यामुळे तिला ते कळलेलेही नसते. मी अशा आजींना तपासताना गोळ्यांआधी चपला काढायला सांगतो.

तेव्हा वर्षातून किमान दोनदा आईला डॉक्टरांकडे नेऊन आणा, त्याच फेरीत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), मूत्रपिंडाची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या, आणि मधले महिने फोनवर निभावून न्या. अशी वाटणी केली, तर एसटीचे हेलपाटे वाचतात आणि उपचारही सुटत नाही. आईला दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घेऊन द्या. मनगटावरची यंत्रे तितकी भरवशाची नसतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि मिश्री टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून शांत बसावे, हात छातीच्या उंचीवर उशीवर ठेवावा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. सलग सात दिवसांचे आकडे समोर असले, तर मला दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा त्यातून अधिक कळते.

फोनवर बोलताना शक्यतो आईलाही सोबत घ्या. ती ऐकू शकते, बोलू शकते, आणि गोळी कडू लागते म्हणून तिने ती कधीच सोडून दिली आहे, ही गोष्ट मुलाला ठाऊक नसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रश्न : झोपेची गोळी संपली आहे. व्हिडिओवरचे डॉक्टर इतर सर्व औषधे लिहून देतात, पण तीच देत नाहीत. — एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण कायद्याने ती त्यांना देता येत नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे १९८५ च्या अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येतात, आणि अशी औषधे, तसेच ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधे, दूरसल्ल्यातून लिहून देण्यास २०२० च्या सूचनांनी मनाई केली आहे. पण गोळी एकाएकी बंद करू नका. बरेच महिने घेतलेली अशी गोळी अचानक सोडल्यास झोप पूर्ण उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकाही येतो. ज्यांनी ती सुरू केली त्यांना या आठवड्यातच प्रत्यक्ष भेटा आणि हळूहळू कमी करण्याची योजना आखून घ्या. झोप न येण्यामागे काळजी किंवा उदासी असेल, तर त्याविषयी बोलायला फोन हे उत्तम माध्यम आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. रात्री दोन वाजता छातीवर दडपण येते तेव्हा हा क्रमांक हाताशी असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ॲपवरचा माणूस खरा डॉक्टर आहे हे कसे ओळखायचे? शिवाय आमचा औषध दुकानदार फोनवरची चिठ्ठी घ्यायला तयार नसतो. — एक वाचक, जळगाव

उत्तर : चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, पदवी, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, तारीख, रुग्णाचे नाव व वय आणि स्वाक्षरी असली पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि तो सांगायला खळखळ करणाऱ्याकडून औषध घेऊ नये. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या डॉक्टरांचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. संगणकाच्या बुद्धीवर चालणाऱ्या यंत्रणेने परस्पर रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहिणे याला मार्गदर्शक सूचनांत परवानगी नाही. ती डॉक्टरांच्या मदतीला असू शकते, पण निर्णय माणसाचाच हवा. अशा सर्व बाबी असलेली सहीची प्रत दुकानदाराने स्वीकारायला हरकत नाही. केवळ ‘ही गोळी घ्या’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश मात्र चिठ्ठी ठरत नाही, आणि तो पाहून दुकानदार नाही म्हणत असेल तर त्याचे बरोबर आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यावर नेट चालत नाही आणि माझ्याकडे साधा फोन आहे. ही सगळी सोय शहरातल्या लोकांसाठीच आहे का? — एक शेतकरी, पेठ तालुका, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, ज्यांना दवाखाना सर्वांत लांब पडतो त्यांच्यापर्यंत ही सोय पोहोचली नाही, तर तिचा अर्धा अर्थच गेला. तुमच्यासाठी सरकारची ‘ई-संजीवनी’ ही विनामूल्य सेवा आहे. मोहालीच्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेने ती यंत्रणा तयार केली आणि २०१९ पासून ती आरोग्य केंद्रांतून सुरू झाली. २०२० च्या एप्रिलपासून घरातून थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोयही तिच्यात आली, पण त्यासाठी चांगला फोन आणि नेट लागते. तुमच्या उपयोगाची आहे ती पहिली रीत. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तुम्हाला समोर बसवून तपासतात आणि तिथल्या संगणकावरून मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी जोडून देतात.

माझ्या मते घरून केलेल्या व्हिडिओपेक्षा ही रीत सरस आहे, कारण रुग्णापाशी एक शिकलेला हात असतो. तो अधिकारी ताप पाहतो, रक्तदाब आणि साखर मोजतो, पोट दाबून कुठे दुखते ते सांगतो आणि पलीकडचे डॉक्टर त्यावरून ठरवतात. उपकेंद्रात उपलब्ध असलेली औषधे तिथेच मिळतात. जुनाट खोकला, खाज, सांधेदुखी, बाईमाणसांचे अंगावरून जाणे अशा तक्रारींसाठी तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हे आशाताईंना विचारून त्याच दिवशी जावे, म्हणजे फेरी वाया जात नाही.

घरात कोणाला जुलाब लागले, तर मात्र उपकेंद्र उघडण्याची वाट पाहू नका. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घाला, अर्धे घालून अर्धे ठेवू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घाला आणि थोडे थोडे पाजत राहा. मुलाचे डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू खाली बसू लागली, किंवा ते पाणी पिईनासे झाले, तर उपकेंद्रात न थांबता ग्रामीण रुग्णालयात न्या. १०८ ला साध्या फोनवरूनही फोन लागतो. आणि उपकेंद्रात जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, संपलेली रिकामीसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्या. आधी काय चालू होते, हे पलीकडच्या डॉक्टरांना त्या पिशवीवरूनच कळते.